वर बघून ठेव

२५ नोव्हेंबर

बाबा,

फोनवर मी ‘हो’ म्हटलं, पण फोनवरचं तुम्ही सोयीपुरतं लक्षात ठेवता, म्हणून लेखी देते. चष्मा लावून वाचा.

जानेवारीत आत्याच्या गावी शनिवार-रविवार सगळ्यांनी मिळून जायचं, ही भाऊची कल्पना मला आवडली. कडाक्याची थंडी, तो तलाव, सगळं हवंच आहे. रोज दहा-बारा लिफ्ट तपासते, त्यात कुणी ना कुणी अडकलेलं असतं आणि ते माझ्याच नावाने ओरडत असतं. दोन दिवस कुणी हाक मारू नये, एवढंच वाटतं.

तेव्हा अटी दोन. एक, मला वरच्या मजल्यावर वेगळी खोली. भाऊ म्हणतो सगळे एका हॉलमध्ये गाद्या टाकून झोपू. त्याला घोरायला श्रोते लागतात. दोन, लग्नाचा विषय नाही. चार वर्षांपूर्वी आत्याने मला न विचारता तो चष्म्याचा दुकानदार समोर आणून बसवला. मी ‘नको’ म्हटलं तरी ती आपली चहा ओततच राहिली. मी संध्याकाळच्या गाडीने निघाले ते पुन्हा गेले नाही. मी अडतीस वर्षांची आहे आणि मजेत आहे. या वेळी तसं काही झालं तर परत निघेन, आणि मग कायमचीच. आत्याला तुम्ही आधीच नीट सांगून ठेवा.

धाकटी


२९ नोव्हेंबर

चिमणे,

आशीर्वाद, आणि त्याहून जास्त काळजी.

फोन केला की तू ‘हॅलो, हॅलो’ करतेस आणि ठेवून देतेस. म्हणतेस फोन बिघडलाय. हा तुझा तिसरा फोन. असो, म्हणून लिहितो. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, जन्म कुलपं दुरुस्त करण्यात गेला, तेव्हा अक्षर लावून घे.

जानेवारीच्या १७-१८ ला आम्ही तुझ्या गावी येतोय. थोरला, सूनबाई, त्यांची दोन पोरं आणि मी. आणि ऐक, धाकटीसुद्धा येते म्हणाली आहे! तिचं पत्र मी खिशातच घेऊन फिरतोय.

तुझं घर दीड खोलीचं, त्यात आम्ही मावणार नाही. तुझ्या माहितीतलं लॉज बघ. आम्हा पाच जणांना खाली जागा पुरे, माझ्या गुडघ्यांना जिना चालत नाही. थंडी किती असते ते कळव. तलावाला कठडा आहे का? धाकटा नातू पाण्याकडे बघत चालतो. दवाखाना किती लांब? रात्री उघडा असतो का? दारांना कुलपं कुठली आहेत? साधी पितळी असली तर मी माझी आणतो.

धाकटीसाठी मात्र वर बघून ठेव. तिने स्वतः सांगितलं आहे. त्याशिवाय येणार नाही, असं लेखी दिलं आहे. थोरल्याला एवढ्यात बोलू नको, तो उगाच फाटे फोडेल.

मागचं मनात ठेवू नको. त्याबद्दल अजून लिहायचं होतं, पण कागद संपला.

दादा


५ डिसेंबर

दादा,

कंबर धरली आहे म्हणून बसूनच नमस्कार करते, वाकून केलाय असं समज.

तुझं पत्र वाचलं आणि शेजारणीला मिठी मारली. बिचारी दळण घेऊन चालली होती. धाकटी स्वतः म्हणाली! अरे, चार वर्षं मी देवाला हेच सांगत होते की पोरीच्या मनातली अढी जाऊ दे. आणि तिने काम सांगितलं कुणाला, तर मलाच! आता मी मरायला मोकळी. पण जानेवारीनंतर.

तुम्हा पाचांसाठी लॉजमधला खालचा हॉल सांगून ठेवलाय. तलावाला कठडा आहे. दवाखाना समोरच, पण तिथला डॉक्टर तुझ्यासारखाच घाबरट आहे.

आता मुख्य. वर लगेच सापडला. शोधायला लागलंच नाही, इतकी वर्षं डोळ्यासमोर होता आणि सुचलं नव्हतं. डेअरीच्या समोर. बेचाळीस वर्षांचा आहे, पण बघून तसं वाटत नाही. उंच, दणकट, उजळ. मी आतून-बाहेरून ओळखते. सध्या मोकळा आहे, पण असं किती दिवस राहणार? म्हणून मी शब्द टाकून ठेवला. थोरल्याला कळू देणार नाही, माझ्या तोंडाला कुलूप. तुझ्याच दुकानातलं.

चिमणी


१० डिसेंबर

चिमणे,

तू इतक्या झटपट काम केलंस म्हणून बरं वाटलं, पण रात्रभर झोप नाही. बेचाळीस वर्षं म्हणजे जुनंच की गं. बाहेरून दणकट दिसतं आणि आतून पोखरलेलं असतं, हे मी दारांच्या बाबतीत पुष्कळ पाहिलंय. तेव्हा जाऊन नीट बघ आणि मला एकेकाचं उत्तर दे.

छप्पर कसं आहे? थंडीत वरूनच गारठा उतरतो.

कुरकुर होते का? धाकटीची झोप फार हलकी.

भार पेलेल ना? ती एकटीच आहे, पण तिच्या अवजारांची पेटीच वीस किलोची. सुटीवरसुद्धा सोबत असते.

आतून कडी नीट लागते का? हे सगळ्यात महत्त्वाचं.

आणि आधी तिथे कोणी होतं का? माणसं कशी होती? मागच्याने काय करून ठेवलंय ते पुढच्याला भोगावं लागतं.

धाकटीला मी तू सांगितलेलं सगळं कळवलं नाही, फक्त ‘वरचं काम झालं’ एवढंच सांगितलं. ती खूश झाली. म्हणाली, आत्याने पहिल्यांदा माझं ऐकलं. हे वाचून तुला बरं वाटेल.

दादा


१६ डिसेंबर

दादा,

‘आत्याने पहिल्यांदा माझं ऐकलं’ हे वाक्य मी पाच वेळा वाचलं. सहाव्यांदा डोळ्यात पाणी आलं म्हणून थांबले.

तुझ्या प्रश्नांना हसू की रडू? कुणी बैल विकत घेतानासुद्धा एवढं विचारत नाही. पण तू बाप आहेस, तुझा हक्क आहे. घे उत्तरं.

छप्पर समोरून विरळ झालंय, खोटं कशाला सांगू? मागच्या बाजूला दाट आहे. थंडीत झाकलेलंच असतं, त्यामुळे कुणाला कळत नाही.

कुरकुर अजिबात नाही. भार कितीही टाक, निमूट पेलणार. पूर्ण गाव ग्वाही देईल.

आतली कडी म्हणशील तर काही कडीकुलपात ठेवायची सवयच नाही. सगळं उघडं. कुणीही यावं, बसावं.

आधी होती एक. आठ वर्षं होती. गुणी बाई. दुखण्याने गेली, तिथेच, घरातच. त्याला आता सहा वर्षं झाली. तेव्हापासून तिथे बाईचा वावर नाही, त्यामुळे थोडी धूळ आहे, पण धाकटीचा हात लागला की लखलखेल.

चिमणी


२० डिसेंबर

चिमणे,

तुझं पत्र वाचलं आणि जेवण सोडून लिहायला बसलो.

बाई कुठल्या दुखण्याने गेली? हे आधी का नाही सांगितलंस? अंथरूण-पांघरूण जाळलं की तसंच ठेवलंय? सहा वर्षं झाली म्हणतेस, पण काही दुखणी भिंतीत मुरतात. काहीही करून आम्ही यायच्या आत चुना मारून घे. एक हात पुरणार नाही, दोन मार. कोपरे सोडू नको.

छप्पर समोरून विरळ आहे तर ताडपत्री ताणून घे आणि वर चार विटा ठेव, वाऱ्याने उडायला नको.

आणि सगळं उघडं, कुणीही यावं बसावं, हे काय चाललंय? माझी एकटी पोरगी आहे. कडी नाही म्हणतेस तर मी घेऊन येतो. आठ इंची लोखंडी कडी, स्क्रू आणि गिरमिट पिशवीत भरून ठेवलंय. पोचल्या पोचल्या भोकं पाडून बसवतो, अर्ध्या तासाचं काम. मालकाला विचारून ठेव, नंतर बोंब मारायला नको.

दादा


२६ डिसेंबर

दादा,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, मग शेजारणीकडून वाचून घेतलं. तिनेही चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तुझी तब्येत बरी आहे ना? थोरला औषधं वेळेवर देतो ना?

भल्या माणसाला दोन हात चुना मारू? कोपरे कुठले त्याला? डोक्यावर ताडपत्री ताणून वर चार विटा ठेवू? अरे, समोरचे चार केस गेले म्हणून तो साधी लोकरीची टोपी घालतो, बस. आणि कडी बसवणार, भोकं पाडून? कुठे, दादा, कुठे? मला तर वाचून घाम फुटला. तो डेअरीत दुधाची फॅट तपासतो, त्याने तुझं काय वाकडं केलंय?

बायकोला साधा ताप येऊन तो डोक्यात गेला होता. ती चूक त्याची नाही.

शनिवारी चार वाजता तो चहाला येणार आहे. धाकटीने आणि त्याने निवांत बोलावं म्हणून मी पोरांना तलावाकडे न्यायचं ठरवलंय. नवीन स्वेटरसुद्धा घेतलाय त्याने. तू फक्त गिरमिट घरी ठेवून ये, एवढी विनवणी.

चिमणी


२९ डिसेंबर

चिमणे,

वर म्हणजे वर! माडीवर! जिना चढून जातात ते वर! मी खोली मागितली होती गं, नवरा नाही!

टोपीपर्यंत पोचलो आणि पत्र हातातून पडलं. मग सगळी पत्रं पुन्हा वाचली. मी वीस दिवस एका माणसाच्या छपराची चौकशी करतोय. ‘वर’च्या पुढे ‘खोली’ लिहायला काय झालं होतं मला? चौथीत मास्तर म्हणाले होते, तू घाईत शब्द गिळतोस. गिळला. आणि तो आता बेचाळीस वर्षांचा होऊन बाहेर आला.

खरं ते आज लिहितो. धाकटीच्या अटी दोन होत्या. वरची खोली, आणि लग्नाचा विषय नाही. दुसरी तुला सांगायला मी भ्यालो. तुला वाटलं असतं, पोरीने अजून धरून ठेवलंय. म्हणून कागद संपला असं लिहिलं. कागद संपला नव्हता, मागची बाजू अख्खी कोरी होती.

त्या माणसाला थांबव. धाकटी आली आणि तो तिथे दिसला तर ती पुन्हा कधीच यायची नाही. माझं वय आता चार-चार वर्षं वाट बघायचं नाही.

दादा


३ जानेवारी

दादा,

मी दोन दिवस तुझ्यावर चिडले होते. आज तिसरा आहे, म्हणून लिहिते. सोबत तुझी सगळी पत्रं परत पाठवतेय. तूच वाच, तू काय लिहिलंस ते.

पत्र मिळाल्या मिळाल्या डेअरीत गेले. म्हटलं, “बाबा रे, शनिवारचं रद्द. माझ्या भावाला लिहिता येत नाही.” तर तो असा खुलला की विचारू नकोस. मग माझ्या कानाशी आला, तोंडाभोवती हात धरला आणि ओरडला, “मावशी, मी तीनदा नको म्हटलं होतं!”

म्हटलं, “मग स्वेटर कशाला घेतलास?”

“थंडी पडली म्हणून!”

रांगेतले सगळे कॅनवाले हसले. मीही हसले. पण घरी येऊन बसले ती बसलेच. तीनदा नको म्हणाला आणि मला एकदाही ऐकू आलं नाही. त्याचे ओठ हलले, मान हलली, मला वाटलं लाजतोय. म्हणजे फोन बिघडलेला नव्हता रे. एकही नव्हता.

मग मनात आलं, त्या वेळी पोरगीही काही म्हणाली असेल का? मला तर ती एक अक्षर न बोलता ताडकन उठून गेल्यासारखी वाटली होती. चार वर्षं मी तेच उगाळत बसले, की मला काही सांगायच्याही लायकीची समजली नाही. विचार तिला. नको, विचारू नको. तूच ठरव.

आता खोलीचं. लॉजच्या वरच्या सगळ्या खोल्या एका शाळेच्या सहलीने घेतल्यात. मी नवऱ्याच्या मागे होते, खोलीकडे बघतंय कोण! माझ्या घरात माळा आहे. शिडीने चढावं लागतं, उभं राहिलं तर डोकं आपटतं, पण खिडकी आहे आणि तलाव दिसतो. चार वर्षांचं सामान खाली काढतेय. तिला चालेल का, ठाऊक नाही. मी तोंड उघडणार नाही, एवढं सांग. पाणी हवं का, एवढंसुद्धा विचारणार नाही.

चिमणी


६ जानेवारी

धाकटे,

सोबत आठ पत्रं आहेत, आत्याची आणि माझी. तारखा बघून लाव आणि पहिल्यापासून वाच. मी काही लपवलेलं नाही. लपवलं होतं तेही यातच आहे.

थोरला म्हणाला, तिला कळवूच नका, रद्द झालंय ना, मिटलं. मीही आधी तेच म्हणत होतो. पण तुझी आत्या तिच्या पत्रात जे विचारते, ते तुला विचारल्याशिवाय ठेवणं मला जमलं नाही. हे वाचून तू आली नाहीस तरी मी काही बोलणार नाही. येणार असशील तर लोकरीचे दोन मोजे घाल, एकावर एक.

वरची खोली नाही. माळा आहे. शिडी पक्की आहे की नाही, माहीत नाही. त्या काळजीने मी दोरी घेतली आहे.

बाबा


१० जानेवारी

बाबा,

पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मधे, लिफ्टच्या टपावर बसून वाचलं. ‘कोपरे सोडू नको’ला इतकी हसले की खालून रखवालदार विचारायला लागला, बाई, तुम्हीच अडकलात का?

तिसऱ्या तारखेच्या पत्राला मात्र हसू आलं नाही. मी तेव्हा ‘नको’ म्हटलं होतं, बाबा. दोनदा. पण हळू. परक्या माणसासमोर आत्यावर ओरडायचं कसं, म्हणून. तिला ते ऐकूच गेलं नसेल हे इतक्या दिवसांत माझ्या डोक्यात आलं नाही. आणि मी रोज अडकलेल्या लोकांना काय सांगते? दार वाजवा, मोठ्याने बोला, बाहेरच्याला आतलं ऐकू येत नाही.

मी येते. माळा चालेल. पहिली अट सोडली आणि दुसरी बदलली. आत्याला गप्प बसवू नका. तिला जे विचारायचंय ते तिने मला विचारावं. उत्तर मी देईन.

तुमच्यासाठी मात्र एक नवीन अट. पुढच्या वेळी तुम्हाला कुणाची भीती वाटली की त्याला ती लिहून कळवा. आम्ही दोघी एवढ्या भयंकर नाही.

धाकटी


२० जानेवारी

दादा,

तुम्ही रविवारी सुखरूप पोचलात, हे थोरल्याने शेजारणीच्या फोनवर कळवलं. तू गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत सामान मोजत होतास, हेही कळवलं.

तुझी पोरगी अजून इथेच आहे. दोन दिवसांची रजा वाढवून घेतली. काळजी करू नको. करशीलच.

शनिवारी तिने माझ्यासमोर बसून, माझे दोन्ही हात धरून जे सांगितलं ते तू ऐकलंस. तूच काय, लॉजमधल्या सहलीच्या पोरांनीही ऐकलं. “आत्या! मला! लग्न! नको!” मी म्हटलं, “कधीच?” तर म्हणते, “आज तरी नाही! उद्याचं उद्या सांगेन! पण मी सांगेन!” शब्द न् शब्द पोचला. चार वर्षांपूर्वी एवढंच केलं असतंस तर, असं म्हणणार होते. पण मग मीही ‘काय म्हणालीस?’ एवढं विचारलं असतं तर, असं वाटलं आणि गिळलं. सोमवारी तिने मला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. आठ दिवसांनी यंत्र मिळणार. तोवर सगळ्यांनी ओरडावं, असं तिने गल्लीला सांगून ठेवलंय, आणि गल्ली ते मनापासून पाळते आहे.

मी तिला म्हटलं, लोक येतात, दार वाजवतात, मला कळत नाही, परत जातात. मला वाटतं कुणी येतच नाही. आज सकाळी ती पेटी उघडून बसली. दाराबाहेर बटण लावलं, भिंतीवरून वायर आणली आणि माझ्या चुलीच्या वर एक लाल दिवा बसवला. बाहेर कुणी बटण दाबलं की आत दिवा लागतो.

मग म्हणाली, “आत्या! चालतंय का बघ!” आणि बाहेर गेली. दिवा लागला. मी जाऊन दार उघडलं. तीच. म्हणाली, “पुन्हा!” मी दार लावलं, चुलीशी येते न येते तोच दिवा लागला. तीच. दादा, सकाळपासून मी चौदा वेळा दार उघडलं. दुधावर लक्ष राहिलं नाही, ते उतू गेलं. चौदाही वेळा दारात तीच उभी होती.

हे लिहिता लिहिता पंधराव्यांदा लागला बघ. थांब, उघडून येते.

चिमणी